मोपा ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत आज असे गाव क्वचितच सापडेल, की ज्यातील एखादे तरी माणूस परदेशी नाही. कोणी मस्कतला, कोणी दोहाला, कोणी बोटीवर, तर कोणी थेट लंडनला. अशा घरात अचानक काही बरेवाईट घडले की पहिला प्रश्न निघतो तो असा : "तो इथे कधी पोचेल?" शेजारीपाजारी आपापल्या परीने उत्तरे देऊ लागतात. एक म्हणतो, विमानाने नऊ तास. दुसरा म्हणतो, छे, आमचा भाचा तर सकाळी निघाला आणि दुपारी लंडनला उतरला. तिसरा म्हणतो, दीड दिवस धरून चला. गंमत अशी की हे तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कारण ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. एक हवेत घालवलेला वेळ सांगतो, दुसरा घड्याळातला फरक सांगतो आणि तिसरा घरापासून घरापर्यंतचा हिशेब सांगतो. या सर्वांच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे, तो म्हणजे दोन विमानतळांतील अंतराचा. प्रस्तुत लेखात आपण तेथूनच सुरुवात करू.

मोपाचा विमानतळ, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, पेडणे तालुक्यातील सड्यावर उभा आहे. त्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. जुलै २०२३ मध्ये एअर इंडियाने तेथून लंडनच्या गॅटविक विमानतळाला थेट सेवा सुरू केली. आपल्या उदाहरणासाठी हाच मार्ग घेऊ. ही सेवा पुढे जून २०२५ मध्ये स्थगित झाली. तिच्याकडे आपण नंतर येऊच. पण विमान उडो वा न उडो, दोन ठिकाणांमधील अंतर काही बदलत नाही.

वर्गाच्या भिंतीवरील जगाच्या नकाशावर मोपा आणि लंडन यांना पट्टीने जोडून पाहा. ही रेघ ओमानच्या आखातावरून, कुवेत-बसऱ्याच्या बाजूने, सीरियावरून आणि तुर्कस्तानच्या पश्चिम टोकावरून युरोपात शिरते. बहुतेकांची समजूत अशी असते की हाच सर्वांत जवळचा मार्ग. ती चुकीची आहे. भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. त्यात दिशा नीट राखल्या जातात, पण त्यापायी उत्तरेकडील प्रदेश ताणून मोठे काढावे लागतात. त्यामुळेच त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट मोठा आहे. ज्या नकाशात क्षेत्रफळाची अशी दैना होते, त्यावरची सरळ रेघ सर्वांत जवळची असेल असे मानायला काही आधार नाही.

खरा मार्ग पाहायचा असेल तर ग्रंथालयातला पृथ्वीगोल खाली उतरवावा. (आमच्याकडे तो कपाटावर ठेवलेला असतो, आणि त्याच्यावर धूळ साचण्याखेरीज त्याचा दुसरा उपयोग फारसा होत नाही.) एक दोरा घेऊन त्याचे एक टोक गोव्यावर आणि दुसरे लंडनवर धरावे व दोरा ताणावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळचा मार्ग धरतो. हा मार्ग म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने गोलावर काढलेल्या वर्तुळाचा कंस होय; त्या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, सर्व रेखावृत्तेही तशीच आहेत. परंतु विषुववृत्त सोडून इतर अक्षवृत्ते तशी नाहीत. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे पृथ्वीवरचे सुमारे ४२५ किलोमीटर. आपला दोरा पावणेअठरा सेंटिमीटरच्या आसपास भरेल. गुणाकार करून पाहा. साडेसात हजार किलोमीटरच्या जवळपास उत्तर येईल.

दोऱ्याने अंदाज मिळतो. नेमके उत्तर हवे असेल तर गोलीय त्रिकोणमितीचा आधार घ्यावा लागतो. घाबरण्याचे कारण नाही, बारावीच्या विद्यार्थ्याला जमेल एवढेच गणित आहे. आपण ज्याला साइन म्हणतो ती ज्या, आणि कोसाइन म्हणतो ती कोज्या. हे शब्द आपल्या जुन्या ज्योतिषगणितातले आहेत, आणि साइन हा शब्दसुद्धा मूळ ज्या-जीवा या शब्दांवरून अरबी व लॅटिन भाषांतून फिरत, वाटेत अर्थ बदलून युरोपात पोचलेला आहे. सूत्र असे :

अंतराची कोज्या = (पहिल्या अक्षांशाची ज्या × दुसऱ्या अक्षांशाची ज्या) + (पहिल्या अक्षांशाची कोज्या × दुसऱ्या अक्षांशाची कोज्या × रेखांशांतील फरकाची कोज्या)

मोपा १५ अंश ४४ कला उत्तर अक्षांश व ७३ अंश ५२ कला पूर्व रेखांश यांवर आहे. गॅटविक ५१ अंश ९ कला उत्तर व ० अंश ११ कला पश्चिम यांवर. एक पूर्वेला आणि दुसरे पश्चिमेला असल्यामुळे रेखांशांची वजाबाकी न करता बेरीज करायची. ती ७४ अंश ३ कला होते. येथे पुष्कळ विद्यार्थी वजाबाकी करून बसतात. लंडनच्या बाबतीत फरक अवघ्या काही कलांचा असल्याने चूक लपते, पण लिस्बनसारख्या ठिकाणी ती चांगलीच अंगाशी येते.

आता किमती घालू. दोन्ही अक्षांशांच्या ज्या ०.२७१२ आणि ०.७७८८, त्यांचा गुणाकार ०.२११२. कोज्या ०.९६२५ आणि ०.६२७३, रेखांशांतील फरकाची कोज्या ०.२७४८; तिघींचा गुणाकार ०.१६५९. बेरीज ०.३७७१. ज्या कोनाची कोज्या एवढी आहे तो कोन ६७.८५ अंशांचा. पृथ्वीच्या बृहद्वृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. तेव्हा अंतर आले सुमारे ७,५४५ किलोमीटर. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. त्यामुळे या उत्तरात थोडा फरक पडू शकतो, पण आपल्या कामापुरता तो नगण्य आहे.

पट्टीने काढलेल्या त्या पहिल्या रेघेवरून गेले तर किती पडेल, हेही गणिताने काढता येते. ते ७,७४० किलोमीटरच्या आसपास येते. म्हणजे नकाशावर सरळ दिसणारी वाट सुमारे १९५ किलोमीटर लांबची आहे, आणि नकाशावर कमानीसारखी वाकलेली दिसणारी वाट जवळची आहे.

ही कमान कोठून जाते ते पाहण्यासारखे आहे. मोपाहून निघताना तिची दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे साधारण ४१ अंश कललेली असते. अरबी समुद्र ओलांडून ती कराचीच्या पश्चिमेला, मकरानच्या किनाऱ्यावर जमिनीला लागते. पुढे इराणात शिरून जवळजवळ तेहरानच्या डोक्यावरून जाते, कास्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा गाठते, आर्मेनियात येरेव्हानच्या अगदी जवळून जाते, काळा समुद्र ओलांडते, क्रिमियावरून ओडेसाच्या पश्चिमेकडे व मोल्दोव्हाच्या बाजूला वळते, आणि स्लोव्हाकिया, प्राग, बॉन, ब्रुसेल्स यांच्या आसपासून लंडनला पोचते. पोचताना तिचे तोंड जवळजवळ थेट पश्चिमेकडे असते. वायव्येकडे निघालेले विमान कोठेही वळण न घेता पश्चिमेकडे तोंड करून उतरते, ही गोष्ट सपाट कागदावर पटत नाही; गोलावर दोरा धरला की लगेच पटते.

आता ही नावे पुन्हा एकदा वाचा आणि गेल्या काही वर्षांतील वर्तमानपत्रे आठवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, आणि भारतानेही त्यांच्या विमानांना तसेच केले. जून २०२५ मध्ये इराणचे आकाश बंद पडले, आणि २३ जून रोजी तर कतारनेही आपले आकाश काही तास बंद ठेवले. म्हणजे आपल्या ७,५४५ किलोमीटरच्या रेघेवर एका ठिकाणी नव्हे, तर तीन ठिकाणी अडसर पडला. भूमितीने दिलेला मार्ग हा केवळ कमीत कमी अंतर सांगतो. त्यावरून जाऊ द्यायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या आकाशाचे मालक ठरवतात. कारण १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राची सत्ता आपल्या भूमीवरील आकाशावरही चालते.

गोव्याला हा अनुभव नवीन नाही. विमानाने गोव्याहून युरोपला जाण्याचा इतिहास मोपापासून नव्हे तर दाबोळीपासून, आणि तोही पोर्तुगीज अमदानीपासून सुरू होतो. १९५० नंतरच्या दशकात भारताने गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वेचा संबंध तुटला, आणि पोर्तुगीज सरकारने दाबोळीचा विमानतळ बांधून १९५५ मध्ये 'ताईप' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी विमानसेवा सुरू केली. दमण, दीव आणि कराची ही तिची सुरुवातीची ठिकाणे. भारताची भूमी वर्ज्य असल्यामुळे बाहेरच्या जगाकडे उघडणारे दार म्हणजे कराची. पुढे याच सेवेची चार पंख्यांची डग्लस विमाने लिस्बनपर्यंत जात.

दाबोळी ते लिस्बन हे अंतर वरच्या सूत्राने काढले तर कोन ७५ अंशांच्या किंचित वर येतो, म्हणजे सुमारे ८,३४४ किलोमीटर. कराचीमार्गे गेले तर दाबोळी-कराची १,२६७ आणि कराची-लिस्बन ७,१६७, मिळून ८,४३४. पाहिलेत? एवढे कराचीला वळसा घालून गेले, तरी वाढ केवळ ९० किलोमीटरची, शेकडा एकाच्या किंचित वर. लांबच्या प्रवासात मूळ रेघेच्या थोडे बाजूला असलेले ठिकाण घेतले तर अंतर फारसे वाढत नाही; दोरा ताणून धरून मधोमध बोटाने किंचित बाजूला ओढला तर दोऱ्याची लांबी किती कमी वाढते, ते करून पाहावे. तेव्हा त्या काळचा लिस्बनचा प्रवास कंटाळवाणा होता तो कराचीच्या वळशामुळे नव्हे. तो वेगामुळे आणि थांब्यांमुळे होता. डग्लस डीसी-४ विमानाचा वेग ताशी ३६५ किलोमीटरच्या आसपास. या वेगाने ८,४३४ किलोमीटर तोडायला नुसते हवेतच २३ तास लागतात, आणि इंधनासाठी वाटेत उतरणे भागच.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. तरीही धावपट्टीचा उरलासुरला भाग वापरून त्या रात्री दोन प्रवासी विमाने काळोखात उडाली, आणि तीही कराचीकडेच. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि दाबोळी पुढे भारतीय नौदलाच्या ताब्यात आली. त्या वेळी गोव्याच्या विमानांना भारताचे आकाश बंद होते आणि पाकिस्तानचे उघडे. २०२५ मध्ये नेमके उलट झाले. लंडन-लिस्बन मात्र तेव्हा होते तेवढ्याच अंतरावर राहिले.

पाकिस्तानला टाळून मोपाहून लंडनला जायचे झाल्यास किती फरक पडतो? समुद्रावरून मस्कतच्या दिशेने जाऊन तेथून वर वळले असे धरू. मोपा-मस्कत १,८४८ आणि मस्कत-गॅटविक ५,८१०, एकूण ७,६५८ किलोमीटर. म्हणजे ११३ किलोमीटर जास्त. जेट विमानाला सात-आठ मिनिटांची गोष्ट. दिल्ली आणि अमृतसरची स्थिती मात्र वेगळी. तेथून पश्चिमेकडे जाणारी रेघ सुरुवातीलाच पाकिस्तानात शिरते. त्या विमानांना आधी दक्षिणेकडे उतरून गुजरातवरून समुद्र गाठावा लागतो, तेव्हा त्यांचा फेरा फार मोठा होतो. एकाच बंदीचा परिणाम दोन शहरांवर इतका निराळा का होतो, हे राजकारणाच्या तासाला नव्हे तर भूगोलाच्या तासाला समजते, असे मला वाटते.

हे झाले अंतराचे. आता वेळेकडे वळू.

या मार्गावर धावणारे बोइंग ७८७ हे विमान उंचावर ताशी ९०० किलोमीटरच्या सुमारास वेग राखते. ७,५४५ ला ९०० ने भागले की ८ तास २३ मिनिटे येतात. पण वेळापत्रकात जाण्याचा वेळ यापेक्षा बराच अधिक लिहिलेला असतो आणि येण्याचा त्याहून कमी. याचे मुख्य कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, आपल्या देशाच्या उत्तर भागावरून आणि पश्चिम आशियावरून, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीवर असतात.

डिचोलीच्या लोकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. खनिजाने भरलेल्या बार्जी मांडवीतून मुरगावकडे जाताना आणि रिकाम्या परतताना भरती-ओहोटीचा हिशेब कसा मांडला जाई, हे नदीकाठच्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. शाळेतल्या अंकगणितात प्रवाहाच्या दिशेने व प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या होडीचे जे उदाहरण असते, तेच येथे आहे. समजा, सरासरी वारा ताशी ६० किलोमीटर आहे. जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ८४० राहील आणि वेळ लागेल ८ तास ५९ मिनिटे. येताना वेग ९६० आणि वेळ ७ तास ५२ मिनिटे. एक तास सात मिनिटांचा फरक!

येथे एक मौजेची गोष्ट आहे. जाताना जेवढा तोटा तेवढाच येताना फायदा, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला, असे कोणालाही वाटेल. पण वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांना मिळून १६ तास ४६ मिनिटे लागली असती. वारा असताना १६ तास ५० मिनिटांहून थोडी अधिक लागली. समोरचा वारा जेवढा वेळ खातो, तेवढा पाठचा वारा परत देत नाही. कारण समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकून पडते. वाऱ्याचा वेग दुप्पट धरून हाच हिशेब करून पाहिला, तर ही तूट दुप्पट न होता चौपट होते असे आढळेल.

या खेरीज वेळापत्रकात आणखी काही मिनिटे दडलेली असतात. वेळ मोजतात ती विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, चढणे, उतरणे, उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालणे, हे सर्व त्यात येते. जवळच्या प्रवासात याचा परिणाम ठळक दिसतो. मोपा ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३९० किलोमीटर. पूर्ण वेगाने हे अर्ध्या तासाचेही काम नाही. पण वेळापत्रकात तासाहून अधिक वेळ लिहिलेला असतो, आणि तो योग्यच असतो. म्हणूनच अंतर दुप्पट झाले म्हणून विमानाचा वेळ दुप्पट होत नाही. प्रत्येक उड्डाणाला अर्ध्या-पाऊण तासाचा ठरावीक आकार द्यावाच लागतो, मग तुम्ही मुंबईला जा नाहीतर लंडनला.

आता त्या भाच्याचे काय, जो सकाळी निघाला आणि दुपारी लंडनला उतरला? त्याने सांगितले ते खोटे नव्हे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची. ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. (पेडणे त्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला असल्याने आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३४ मिनिटे मागे असतो, आपल्याकडे माध्यान्ह बाराला होत नाही त्याचे कारण हेच.) हिवाळ्यात मोपाहून सकाळी दहाला निघालेले विमान नऊ तासांनी, आपल्या घड्याळात संध्याकाळी सातला पोचेल, त्या वेळी लंडनच्या घड्याळात दुपारचा दीड वाजलेला असेल. घड्याळाप्रमाणे प्रवास साडेतीन तासांचा! उलट परतताना लंडनहून रात्री आठला निघाले तर आठ तासांनी तेथे पहाटेचे चार आणि येथे सकाळचे साडेनऊ. घड्याळाप्रमाणे साडेतेरा तास. उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे सारतात, म्हणून मार्चच्या अखेरपासून ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत फरक साडेचार तासांचाच धरावा. तिकिटावर नेहमी त्या त्या गावची स्थानिक वेळ छापलेली असते, हे ज्याला ठाऊक नाही तो नातेवाइकाला आणायला एक तर पाच तास आधी जाऊन बसतो, नाहीतर तो घरी पोचल्यावर विमानतळावर जातो.

शेवटी उरतो तो घरच्यांचा प्रश्न. समजा, हिवाळ्यात डिचोलीतील एका घरात संध्याकाळी सहा वाजता मृत्यू घडला. लंडनच्या मुलाला लगेच फोन गेला. तेथे दुपारचे साडेबारा. थेट विमान नाही, तेव्हा तो दोहामार्गे येणार. गॅटविक-दोहा ५,२१५ आणि दोहा-मोपा २,५४५, मिळून ७,७६० किलोमीटर. थेट मार्गापेक्षा २१५ किलोमीटर अधिक. म्हणजे उड्डाणाचा पाव तास. अंतराच्या दृष्टीने दोहाचा वळसा कराचीच्या वळशासारखाच किरकोळ आहे. वेळेच्या दृष्टीने तसे नाही. त्याला रात्री नऊच्या विमानात जागा मिळाली असे धरू. ते साडेसहा तासांनी दोहाला पोचेल. तेथे विमान बदलायला कमीत कमी दोन तास. पुढे मोपापर्यंत साडेतीन तास. हे सर्व मिळून बारा तास. लंडनचे सकाळचे नऊ, म्हणजे आपली दुपारचे अडीच. पारपत्राची तपासणी आणि सामान यांना एक तास, मोपाहून डिचोलीला रस्त्याने एक तास. दुसऱ्या दिवशी साडेचारला तो दारात उभा राहील, सूर्यास्तापूर्वी दीड तास.

सगळे जमून आले तरच हा हिशेब. त्या रात्रीचे विमान चुकले, किंवा दोहाला पुढचे विमान दोन तासांनी नसून आठ तासांनी असले, तर दुसरा दिवस मावळतो आणि गोष्ट तिसऱ्या दिवसावर जाते. थांबायचे की नाही हे ठरवणाऱ्या वडीलधाऱ्यांना "विमानाला नऊ तास लागतात" हे उत्तर काही कामाचे नाही. त्यांना विचारायला हवे ते असे : पहिले विमान किती वाजता सुटते, आणि बदलीच्या ठिकाणी किती वेळ मोडतो? किलोमीटरांचा येथे जवळजवळ संबंधच नाही.

रस्त्याचा हिशेबही विसरू नये. मोपा आणि दाबोळी यांच्यातील हवाई अंतर सुमारे ४० किलोमीटरच आहे, लंडनच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. पण काणकोणच्या माणसाला मोपा गाठायला अडीच तास मोडतात, आणि केरी-तेरेखोलच्या माणसाला पूर्वी दाबोळीला जाताना तसाच त्रास पडे. दक्षिण गोव्यात दाबोळी टिकावी म्हणून जो आग्रह आहे, त्याचे मूळ या अडीच तासांत आहे. बेळगावचे उदाहरण तर आणखी बोलके. मोपाच्या धावपट्टीपासून सांबऱ्याची धावपट्टी पक्ष्याच्या वाटेने ८० किलोमीटरच्या सुमारास आहे. सूत्राप्रमाणे सहा मिनिटांचे उड्डाण. पण मध्ये सह्याद्री उभा आहे, आणि चोर्ला घाटाने जाणाऱ्या गाडीला तीन तास तरी हवेतच. आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना हे अधिक सांगायला नको.

ज्यांना सूत्र हाताळून पाहायचे असेल त्यांच्यासाठी एक उदाहरण देऊन ठेवतो. ब्रिटिशांच्या काळापासून अनेक गोमंतकीय कुटुंबे नैरोबीत राहिली. नैरोबीचा विमानतळ १ अंश १९ कला दक्षिण अक्षांशावर आणि ३६ अंश ५६ कला पूर्व रेखांशावर आहे. दोन्ही ठिकाणे पूर्वेकडे असल्यामुळे या वेळी रेखांशांची वजाबाकी करावी. आणि नैरोबी विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिच्या अक्षांशाची ज्या ऋण घ्यावी, कोज्या मात्र धनच राहते. मोपापासूनचा कोन ४०.२८ अंश आला, म्हणजे अंतर ४,४८० किलोमीटरच्या आसपास आले, की गणित बरोबर सुटले असे समजावे.